ओळखीचा विषय, अनोळखी इंग्रजी : उतारा वाचायला शिकताना

इंग्रजी उतारा घेऊन पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलांची एक तक्रार हमखास असते : शब्द येत नाहीत. मग कोणीतरी शब्दांची जाडजूड यादी हातात देतं, आठवडाभर पाठांतर चालतं आणि पुढचा उतारा समोर आला की परत तेच. शब्द कमी पडतात हे खरं, पण घोडं अडतं ते दुसरीकडेच. एक तर वाक्य लांबलं की त्यात कोण काय करतंय हे निसटतं. दुसरं, उतारा काय म्हणतोय ते न बघता आपल्याला जे माहीत आहे त्यावरून उत्तर ठोकलं जातं. हा लेख या दोन दुखण्यांवर आहे. त्यावरचा माझा उपाय थोडा उलटा वाटेल : सुरुवात आधीच माहीत असलेल्या इतिहासापासून आणि विज्ञानापासून करायची, आणि मग त्याच माहितीला परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवायला शिकायचं.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन बाहेर शिकायला जायचंय, यूपीएससी-एमपीएससीच्या सीसॅटची, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरची, तयारी चालू आहे, किंवा मराठी माध्यमातून येऊन कॉलेजच्या पहिल्याच वर्षी जाड इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी गाठ पडली आहे, अशा सगळ्यांना पुढची पद्धत चालते. आमच्या सोलापुरात तर घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी असा अनेकांचा प्रकार. इंग्रजी ही त्यांची चौथी भाषा. एका भाषेतलं वाक्य दुसरीत उलटून बघायची सवय त्यांना लहानपणापासून असते, आणि या सरावात तीच जास्त कामाला येते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

तीनशे-चारशे शब्दांचा एखादा उतारा घ्या. शब्दकोश आणि मोबाईल बाजूला ठेवून, हातात पेन्सिल घेऊन तो एकदा वाचा. अनोळखी शब्दाभोवती गोल करा. शब्द येतात पण वाक्य लागत नाही, तिथे खाली रेघ मारा. वाक्य लागलं पण ते इथे का आलं हे कळत नाही, तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा.

वाचून झालं की पानाकडे बघा. गोल जास्त असतील तर उतारा आत्ता जड आहे. सोपा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. रेघा जास्त असतील तर वाक्यरचनेवर काम करायचं. प्रश्नचिन्हं जास्त असतील तर वाक्यं येतात, पण लेखक कुठून कुठे चाललाय हे हरवतं. बहुतेकांना वाटतं आपले गोल जास्त निघतील. प्रत्यक्षात रेघा जास्त निघतात.

एकच धडा दोन भाषांत

बालभारतीची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत त्याच धड्यांसह निघतात आणि संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. नवख्यासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे क्लासवाले तो सहसा सांगत नाहीत. दहावीच्या विज्ञानातलं ‘गुरुत्वाकर्षण’ किंवा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ घ्या. इतिहासातलं ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’ घ्या. संध्याकाळी मराठी धडा वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी तोच धडा इंग्रजीत वाचायचा, मराठी पान शेजारी न ठेवता. शेजारी ठेवलं की डोळे आपोआप सोप्या बाजूला पळतात. अडलं तर वाक्याला खूण करून पुढे जायचं, आणि अगदी शेवटी मराठी पान उघडून फक्त खुणा केलेली वाक्यं ताडून बघायची.

यात साधतं ते असं. विषय आधीच डोक्यात असतो, त्यामुळे आनुवंशिकता समजून घेणं आणि इंग्रजी वाक्य समजून घेणं ही दोन कामं एकदम अंगावर पडत नाहीत. एकच पडतं. इतिहासलेखनाचा धडा मी मुद्दाम सुचवतोय. मुलांना तो रटाळ वाटतो, तारखा नाहीत, लढाया नाहीत. पण पुरावा, दावा, आक्षेप, दृष्टिकोन ही शैक्षणिक उताऱ्यांची रोजची भाषा त्यातच ठासून भरली आहे.

या पुस्तकांत फार दिवस रमू नका. त्यांतली वाक्यं शाळकरी मुलांसाठी आखूड केलेली असतात. दोन्ही विषयांचे चार-पाच धडे झाले की एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकांकडे वळा. तीही फुकट उतरवून घेता येतात. दहावीच्या इतिहासात औद्योगिकीकरणावर एक प्रकरण आहे. हातमागवाले, मँचेस्टरचं कापड, मुंबईतल्या गिरण्या, सगळं त्यात येतं. ज्या गावात आजोबांनी गिरणीत पाळी केली आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट चालू आहे, त्या गावातल्या मुलाला या प्रकरणातले तांत्रिक शब्द तरी परके वाटू नयेत.

वाक्य सोडवायचं कसं

इथे वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या पटापट उरकल्या तरी चालतील, ही नाही.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून आपण शेवटपर्यंत थांबतो आणि मग वाक्य जुळवतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद यायला हवं, पण शैक्षणिक इंग्रजी या दोघांच्या मध्ये ओळ-दीड ओळ घुसवतं. मराठी डोळा तिथे चकतो. हे वाक्य बघा :

‘द व्हॅक्सिन दॅट हाफकिन, अ बॅक्टेरिऑलॉजिस्ट हू हॅड अर्लिअर वर्क्ड ऑन कॉलरा, टेस्टेड ऑन हिमसेल्फ इन जॅन्युअरी 1897 वॉज सून इन यूज अगेन्स्ट प्लेग.’

आधी क्रियापदं शोधा. तीन जागा सापडतात : वर्क्ड, टेस्टेड, वॉज. आता प्रत्येकाला विचारा, ‘कोण?’ काम कोणी केलं होतं? हाफकिन यांनी, कॉलऱ्यावर. चाचणी कोणी घेतली? हाफकिन यांनीच, स्वतःवर. वापरात काय आलं? लस. दॅट, हू, विच यांच्यामागून येणारी क्रियापदं पेन्सिलीने कंसात टाका. कंसाबाहेर उरलं ते वाक्याचं मुख्य क्रियापद : ‘लस वापरात आली.’ एवढं हातात आलं की कंसातला एकेक तुकडा ‘जी लस’, ‘जे संशोधक’ अशा मराठी जोडणीने परत बसवता येतो. मराठीत ‘जो-तो’ची सोय आहेच, ती वापरा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शैक्षणिक इंग्रजी घडलेल्या गोष्टींची नामं करून टाकतं. कोणी काही केलं असं ते सांगत नाही, ‘करणं’ घडलं असं सांगतं. उदाहरणार्थ :

‘द डिस्रप्शन ऑफ अमेरिकन कॉटन सप्लाइज ड्युरिंग द सिव्हिल वॉर लेड टू अ शार्प राइज इन द डिमांड फॉर इंडियन कॉटन.’

यातलं एकमेव क्रियापद आहे ‘लेड’, आणि ते नुसता बाण दाखवतं : इकडून तिकडे. खरी हालचाल डिस्रप्शन, राइज, डिमांड या नामांत दडली आहे. ती नामं फोडून परत क्रियापदं करा. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस यायचा अडला, म्हणून सगळे हिंदुस्थानचा कापूस मागू लागले. एका चेपलेल्या वाक्यातून तीन छोटी वाक्यं निघाली आणि त्यांचा क्रमही लागला. सोलापूरला रेल्वे आली 1860 मध्ये, पहिली कापड गिरणी निघाली 1877 मध्ये. आपल्या गावच्या या दोन सालांच्या मध्ये ते युद्ध बसतं. असं एखादं साल शेजारी लिहून ठेवलं की परदेशातली घटना डोक्यात जागा धरते.

रोज अशी दोनच वाक्यं फोडा. दहा फोडायला जाल तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या, खाली मराठीत तोडून लिहा आणि त्यावरून मूळ वाक्य न बघता परत इंग्रजीत लिहायचा प्रयत्न करा. हुबेहूब जमलं नाही तरी हरकत नाही. कुठलं नाम, कुठलं जोडणीचं अव्यय आपल्याकडून राहून गेलं ते कळतं, आणि ते मग विसरत नाही.

कर्मणी प्रयोगाचंही भान हवं. ‘मार्शल लॉ वॉज इंपोज्ड’ असं वाचलं की लगेच विचारा, कोणी लादला? उताऱ्यात पुढे-मागे उत्तर असेल तर ते गाठा. नसेल तर ‘लेखकाने सांगितलेलं नाही’ अशी नोंद करा. ही नोंद पुढे प्रश्न सोडवताना लागणार आहे. तसंच धिस, दीज, द फॉर्मर, द लॅटर हे शब्द आले की ज्याच्याबद्दल ते आहेत तिथपर्यंत पेन्सिलीने बाण ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण कितीतरी प्रश्न नुसत्या या बाणांवर सुटतात.

इतिहासाचा उतारा वेगळा वाचावा लागतो

शाळेतला इतिहास सालांच्या क्रमाने येतो. परीक्षेतला उतारा तसा येत नाही. तो बहुतेकदा परिणामापासून सुरू होतो, मग मागे जातो, मध्येच आणखी मागे जातो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा उतारा डिसेंबर 1942 मधल्या त्यांच्या चीनमधल्या मृत्यूपासून सुरू होईल, तिथून 1938 मध्ये निघालेल्या वैद्यकीय पथकाकडे येईल आणि तिसऱ्या परिच्छेदात 1910 मधल्या सोलापूरला पोहोचेल. क्रियापदाआधी ‘हॅड’ दिसला की समजायचं, आणखी मागची गोष्ट निघाली. समासात एक उभी रेघ ओढून साल वर-खाली लिहीत गेलात तर ‘आधी काय घडलं’ या प्रकारचा प्रश्न चुकायचं कारण उरत नाही.

इतिहासात खरी कसोटी लेखकाच्या सुराची. आपल्याच गावचं उदाहरण घ्या. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघणाऱ्या मुलाला हे सांगायची गरज नाही. पण हीच घटना इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालात ‘रायट’ होईल आणि लोक ‘मॉब’ होतील; नंतरचा अभ्यासक ‘प्रोटेस्ट’ आणि ‘क्राउड’ लिहील. घटना तीच. लेखकाचा दृष्टिकोन ओळखा, या प्रश्नाचं उत्तर अशा निवडीत असतं, भाषणबाज वाक्यांत नसतं.

आणि इथेच माझा सगळ्यात मोठा इशारा. अशा उताऱ्यावर सोलापूरचा विद्यार्थी सगळ्यात जास्त घसरू शकतो, कारण त्याला उताऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

इतिहासाच्या परिच्छेदातलं कारण आणि परिणाम वेगळे काढायचा सराव स्वतंत्रपणे करा. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. ‘बिकॉज ऑफ’ म्हणजे त्यामुळे. एक गोष्ट दुसरीनंतर घडली असं लेखक म्हणतो आणि वाचणारा मनातल्या मनात ‘म्हणून’ जोडून टाकतो. पर्यायांत नेमका तो ‘म्हणून’ घातलेलं वाक्य ठेवलेलं असतं.

विज्ञानाचा उतारा

विज्ञानाला मुलं घाबरतात ती लॅटिन-ग्रीक नावांना. घाबरू नका, ही नावं बहुतेक वेळा उताऱ्यातच समजावून दिलेली असतात. स्वल्पविराम, डॅश, ‘कॉल्ड’, ‘नोन अॅज’, ‘दॅट इज’ यांपैकी काहीतरी शेजारी असतं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा उतारा घ्या. ‘झँथोमोनस’ हे नाव वाचून थबकायचं कारण नाही; तो एक जिवाणू आहे, पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पाडतो, एवढं पुढच्या अर्ध्या ओळीत येतं. सांगोल्याकडच्या बागायतदाराच्या मुलाला तर रोग पानावर बघूनच माहीत असतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचं असं इंग्रजी संशोधन-लेखन शोधून वाचलंत तर विषय घरचा आणि भाषा शास्त्रीय, असा दुहेरी फायदा होतो.

नावांपेक्षा लक्ष द्यायचं ते लेखकाच्या खात्रीवर. मे, माइट, लाइकली, सजेस्ट्स, इज थॉट टू, अपिअर्स टू. शास्त्रीय लेखनात हे शब्द शोभेचे नसतात. दावा किती पक्का आहे याचं माप त्यांत असतं. भूकंपाचं उदाहरण बघा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सोलापूरपर्यंत हादरे बसले. भूपट्टांच्या सीमांपासून दूर, स्थिर मानल्या गेलेल्या भूभागात तो झाला, म्हणून जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे : मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते याचं तो नेहमी दिलं जाणारं उदाहरण. आता समजा उताऱ्यात आहे, ‘जलाशयातलं पाणी आधीच ताणाखाली असलेल्या भेगेला चालना देऊ शकतं.’ आणि पर्याय आहे, ‘धरणांमुळे भूकंप होतात.’ घाईत दोन्ही सारखे वाटतात. ‘देऊ शकतं’, ‘आधीच ताणाखाली’ आणि ‘चालना’ हे तिन्ही पर्यायातून गायब झालेत. तो पर्याय चूक.

दोन मतांचे उतारेही विज्ञानात फार येतात. दख्खनचा काळा दगड आणि त्यापासून झालेली आपली काळी माती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांची. त्याच सुमाराला डायनासोर नष्ट झाले. उद्रेक कारणीभूत की मेक्सिकोजवळ आदळलेला अशनी, की दोन्ही, यावर वाद झाला. असा उतारा वाचताना समासात दोन रकाने पाडा : कोण काय म्हणतं, कशाच्या आधारावर. आणि लेखक स्वतः कुठल्या बाजूला झुकतो तेही बघा. कित्येकदा तो कुठेच झुकत नाही, आणि तेच उत्तर असतं.

प्रत्येक परिच्छेद संपला की शेजारी मराठीत एक ओळ लिहा. सारांश नको, काम लिहा : ‘जुनं मत’, ‘त्यावर आक्षेप’, ‘प्रयोग’, ‘निकाल’, ‘पण मर्यादा’. शीर्षकं जुळवायच्या प्रश्नात या ओळी सरळ वापरता येतात. मराठीत लिहिण्याने इंग्रजी बिघडतं असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. समजलंय की नाही हे तपासायचं असेल तर दुसऱ्या भाषेत सांगता येणं ही साधी परीक्षा आहे.

प्रश्न : बरोबर, चूक आणि ‘सांगितलेलं नाही’

आयईएलटीएसमध्ये ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन असा प्रश्नप्रकार असतो आणि भलेभले त्यात अडकतात. एक उदाहरण पूर्ण सोडवू. इंग्रजी उताऱ्याचा मजकूर असा आहे असं धरा :

‘18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. इंग्रजांचं एक पथक जमखंडीला होतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात जान्सेन यांना इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून लॉकयर यांनी स्वतंत्रपणे हेच केलं. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती, तेव्हा ती अज्ञात मूलद्रव्याची असावी असं लॉकयर यांनी सुचवलं. 1895 मध्ये रॅमसे यांना युरेनियमयुक्त खनिजातून तेच मूलद्रव्य, म्हणजे हेलियम वायू, मिळालं.’

पहिलं विधान : ‘हेलियमची चाहूल पृथ्वीवर तो मिळण्याआधी सूर्यप्रकाशात लागली.’ उताऱ्यात हे वाक्य असं कुठेच नाही, पण 1868 ची रेषा आणि 1895 चा वायू शेजारी ठेवले की तेच निघतं. बरोबर.

दुसरं : ‘या रेषा फक्त ग्रहणातच दिसू शकतात असं जान्सेन यांचं मत होतं.’ उतारा याच्या उलट सांगतो. चूक. उताऱ्याने विधान खोडलं पाहिजे, तेव्हाच ‘चूक’ लिहायचं. बोट ठेवून दाखवता येईल असं वाक्य हवं.

तिसरं : ‘लॉकयर यांच्या सूचनेला तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांनी विरोध केला.’ असं घडलं असेल असं वाटतं. वाटू दे. उतारा गप्प आहे. सांगितलेलं नाही.

चौथं : ‘लॉकयर यांनी ऑगस्टमधलं ग्रहण विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिलं.’ इथे मराठी मुलाचा हात हमखास ‘बरोबर’कडे जातो, कारण विजयदुर्ग आणि हेलियम ही गोष्ट आपल्याकडे वर्तमानपत्रांतून दरवर्षी सांगितली जाते. उताऱ्यात विजयदुर्ग नाही. लॉकयर ऑगस्टमध्ये कुठे होते तेही नाही. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला होते म्हणून ‘चूक’ लिहिणाराही तितकाच फसतो. ऑगस्टबद्दल उताऱ्याने तोंड उघडलेलं नाही. सांगितलेलं नाही.

स्वतः अशी विधानं तयार करणं हा प्रश्न सोडवण्याहून चांगला सराव आहे. एखाद्या अभ्यासिकेत दोघं-तिघं रोज बसत असाल तर एकच उतारा वाचा, प्रत्येकाने चार विधानं करून दुसऱ्याला द्यायची. ‘सांगितलेलं नाही’ प्रकारचं चांगलं विधान रचायला गेलात की परीक्षक कुठे सापळा लावतो ते आतून कळतं. भांडण झालं तर नियम एकच : ओळ दाखव.

शब्दार्थाच्या प्रश्नांवर फार बोलण्यासारखं नाही. शब्द झाकून ठेवा, वाक्यात तिथे मराठी कुठला शब्द बसेल ते ठरवा, मग पर्याय बघा.

घड्याळ शेवटी

पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. न समजता भराभर वाचायची सवय लागते, आणि ती मोडायला पुढे जास्त दिवस जातात. एखादा उतारा वेळेचं बंधन न ठेवता सोडवून बहुतेक उत्तरं बरोबर येऊ लागली की मग वेळ लावा.

तेव्हा मात्र आपल्या परीक्षेचा हिशेब माहीत हवा. आयईएलटीएस अॅकॅडमिकच्या वाचन-विभागात 3 उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं असतात. कागदावर परीक्षा असेल तर उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नका. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये 2 तासांत 80 प्रश्न, त्यात गणित आणि तर्कही. आणि चुकीला एक-तृतीयांश गुण जातात. तिथे शंका असलेला उतारा सोडून देणं शहाणपणाचं. टोफेल या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेचं स्वरूप अलीकडे बदलत आलंय, त्याची माहिती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, सिनियरच्या जुन्या वहीतून नको.

वेळ लावल्यावर आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा, यावर क्लासांत हिरिरीने वाद चालतात. माझ्या मते नवख्याने आधी उतारा वाचावा, निदान प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तरी. प्रश्न आधी वाचले की डोळा फक्त शब्द जुळवत फिरतो, आणि परीक्षकाने प्रश्नात मुद्दाम दुसरे शब्द वापरलेले असतात.

भाषांतराचं ॲप आणि एआय यांना हात लावायला हरकत नाही, फक्त क्रम पाळा. आधी स्वतः फोडलेलं वाक्य वहीत उतरलेलं असू दे, मग पडताळा. आधी भाषांतर वाचलं तर तुम्ही मराठी वाचलंत, इंग्रजी नाही.

पुढे काय वाचायचं

पाठ्यपुस्तकं संपली की खऱ्या लेखनाकडे या. विज्ञानासाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ हे मासिक आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यातले लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि लांबी-काठिण्य परीक्षेच्या वरचंच असतं. सगळा लेख नको, सुरुवातीची दोन पानं घ्या. ओपनस्टॅक्सची अमेरिकन पाठ्यपुस्तकंही फुकट आहेत. जीवशास्त्र आणि इतिहासाची भाषा त्यांत साफ असते.

इतिहासासाठी माझी शिफारस जरा जुनाट आहे : मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर जिल्ह्याचा खंड, विसावा, 1884 चा. तो ऑनलाइन सापडतो. शोधताना गावाचं नाव त्या काळच्या ‘शोलापूर’ या स्पेलिंगने टाका. इंग्रजी जड, वाक्यं मैलभर लांब, आणि लेखक सरकारी चष्म्यातून बघणारा. म्हणूनच तो शेवटच्या टप्प्यासाठी. व्यापाराचं किंवा दुष्काळाचं प्रकरण उघडा, एका बैठकीत एकच परिच्छेद घ्या. मुख्य क्रियापद शोधा, नामं फोडा, आणि मग एक रकाना वाढवा : इथे लेखकाला दिसलेलं काय आणि त्याने गृहीत धरलेलं काय. ‘विणकर आळशी आहेत’ या धर्तीचं वाक्य भेटलं तर चिडून पान उलटू नका. त्याला आधार म्हणून त्याने काय दिलंय ते शोधा, काहीच दिलं नसेल तर तसं लिहा, आणि त्यावरच ‘बरोबर, चूक, सांगितलेलं नाही’ची चार विधानं करून उद्या अभ्यासिकेत मित्रापुढे ठेवा.